पोटातून गालापर्यंत

बंगळूरच्या कोरमंगलातल्या त्या स्किन क्लिनिकमध्ये हर्षिता काउन्सेलर होती. नाव मोठं, काम साधं. आलेल्या बाईला बसवायचं, कॉफी विचारायची, फॉर्म भरून घ्यायचा आणि डॉक्टर आत बोलावेपर्यंत तिची भीती घालवायची. आनेकलहून दोन बस बदलून ती रोज यायची. क्लिनिकमध्ये दिवसभर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी चालायचं. मराठी फक्त घरात, आईशी. त्यांचं घराणं मराठ्यांचं, पण इतक्या पिढ्या इकडे गेल्या होत्या की मूळ गाव कुठलं, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

जानेवारीत एका दुपारी ती आईशी फोनवर बोलत होती. "होय की, डबा खाल्ला. तू औषध घेतलीस काय?" एवढंच. समोर सोफ्यावर बसलेल्या बाईनं चटकन मान वर केली.

"अगं, तू मराठी?"

"होय अक्का, मराठेच आम्ही. पण आमची भाषा ऐकून तुम्हाला हसू येईल."

"नाही गं, हसू कसलं! बारा वर्षं झाली बंगळूरमध्ये. दुकानात, ऑफिसात कुठे मराठी कानावर पडतच नाही. किती बरं वाटलं माहितीये?"

ती सुखदा. पुण्याची. मारतहळ्ळीला राहायची, जवळच्याच एका टेक पार्कमध्ये मोठ्या टीमची मॅनेजर होती. वय एकोणचाळीस, पण चेहरा पन्नाशीचा दिसत होता. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली खड्डे. तिनं मोबाइलमधला तीन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. त्यात गोल चेहऱ्याची, हसरी बाई होती. तीच ही, हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

"पॅन्क्रियाजचा त्रास झाला," सुखदा म्हणाली. "स्वादुपिंड. तीन वेळा हॉस्पिटलात होते. चौदा किलो गेले. आता ठीक आहे. इन्सुलिन घेते, जेवताना कॅप्सूल घेते, पथ्य पाळते. वजन जरासं आलंय, पण चेहरा काही येत नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा लावला की सगळ्यांचं सुरू होतं, आर यू ओके, सुखदा? मागच्या महिन्यात माझ्याकडचा मोठा क्लायंट काढून दुसऱ्याला दिला. म्हणे, तू आराम कर. मला आराम नकोय गं. मला माझा चेहरा हवाय."

हर्षिताला ती आवडली. इथं येणाऱ्या बऱ्याच बायकांना आपल्याजवळ नसलेलं काहीतरी हवं असायचं. हिला आपलं गेलेलं परत हवं होतं.

फॉर्म भरताना 'इतर आजार' या रकान्यापाशी हर्षिताचं पेन थांबलं. आजार लिहिला की क्लिनिकचे डॉ. रणवीर रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागत. चिठ्ठी आणायला गेलेल्या बायकांतल्या निम्म्या परत येत नसत. मग ते हर्षितावर चिडत. "तू फॉर्म भरतेस की गिऱ्हाईक पळवतेस? बारीकसारीक लिहायची गरज नाही," असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

"हे लिहायला हवं का?" सुखदानं विचारलं.

"आता बऱ्या आहात की अक्का," हर्षिता म्हणाली आणि रकान्यात 'नाही' लिहिलं. सुखदानं खाली सही केली.

डॉ. रणवीरांनी दोन्ही गालांत फिलर भरलं. फिलर म्हणजे जेलीसारखा पदार्थ. सुईनं कातडीखाली सोडतात, खड्डा भरून येतो, मग वर्ष-दीड वर्षात शरीर तो हळूहळू जिरवतं. सूज उतरल्यावर सुखदा दाखवायला आली. फोटोतल्याइतकी नाही, पण निम्मी तरी ती परत आली होती. तिनं हर्षिताला मिठी मारली आणि येताना आणलेला गुळपोळीचा डबा हातात दिला. "आईनं पाठवल्यात पुण्याहून. तुझ्या आईलाही दे."

मेच्या शेवटी ती पुन्हा आली, तेव्हा गाल परत बसले होते.

ती एकटी नव्हती. त्या दोन महिन्यांत अशा पाच-सहा बायका येऊन गेल्या होत्या. फिलर वर्षभर टिकायला हवं होतं, ते चार महिन्यांत दिसेनासं झालं होतं. क्लिनिकनं हिवाळ्यात माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती, आणि एक सिरिंज दोघींत वाटली जाते, हेही हर्षितानं आत ट्रे नेताना पाहिलं होतं. डॉ. रणवीरांनी तिला केबिनमध्ये बोलावून उत्तर शिकवून ठेवलं होतं.

"काय काय घेतात ते विचार. आजकाल प्रत्येक जण काहीतरी घेतो. पपईची गोळी, अननसाची गोळी, पचनाची पावडर. त्यात एन्झाइम असतं. सांग की एन्झाइमनं फिलर विरघळतं."

"खरंच विरघळतं काय सर?"

"आपण गाठ विरघळवायला इंजेक्शन देतो, ते काय असतं? एन्झाइमच ना?"

ते खरं होतं. कुणाच्या ओठात फिलरची गाठ झाली की डॉक्टर तिथं एक इंजेक्शन देत आणि गाठ दिवसभरात विरून जाई. हर्षितानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मग गोळीनंही होत असेल, असं तिनं मानून घेतलं. पूर्ण पटलं नव्हतं. पण येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगायचं असलं की न पटून चालत नाही.

म्हणून तिनं सुखदालाही विचारलं, "एन्झाइमचं काही सप्लिमेंट घेताय काय?"

"एन्झाइमच्याच तर कॅप्सूल आहेत माझ्या. प्रत्येक जेवणाबरोबर दोन. का गं?"

"मग त्यांनीच केलंय हे."

सुखदाचा चेहरा पडला. आत डॉ. रणवीरांनी फॉर्मवर नजर टाकली, 'एन्झाइम: होय' यापुढची खूण पाहिली आणि मान हलवली. कुठल्या कॅप्सूल, कशासाठी, कुणी दिल्या, काही विचारलं नाही. "सप्लिमेंट चालू असेल तर मी गॅरंटी देऊ शकत नाही," एवढं इंग्रजीत बोलून ते पुढच्या खोलीत गेले.

बाहेर पॅसेजमध्ये सुखदानं हर्षिताचा हात धरला. "खरं सांग. बंद करू का मी त्या? माझ्या डॉक्टरांनी दिल्यात. त्यांना विचारलं तर ते आधी या सगळ्यावरच ओरडतील. निहारही ओरडेल. त्याला वाटतं, हे फॅड आहे." निहार म्हणजे तिचा नवरा.

हर्षितानं तेव्हा म्हणायला हवं होतं, की मला माहीत नाही. हे तीन शब्द तिला कुठल्याही भाषेत बोलता आले असते. ती म्हणाली, "स्वल्प दिवस बंद करून बघा अक्का. पचनाच्याच गोळ्या की. काय होतंय?"

"सरी, बंद करते," सुखदा तिच्याच बोलीत म्हणाली आणि हसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं गाल पुन्हा भरून घेतले. या वेळी तिनं सिरिंजचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावलं. जुलैच्या मध्यावर ती परत आली, तेव्हा कानशिलांत खड्डे पडले होते आणि गळ्याची हाडं वर आली होती. गाल मात्र भरलेले होते. त्यामुळे बाकीचा चेहरा आणखीच विचित्र दिसत होता.

"अजून विरघळतंय वाटतं," ती म्हणाली. "आता इथं, कानशिलाकडे भरावं लागेल ना?"

"कॅप्सूल बंदच आहेत ना अक्का?"

"एकही घेतली नाही. पोट फार बिघडतं पण. जेवलं की लगेच पळावं लागतं. ऑफिसात मी आता फक्त ताक पिते." बोलता बोलता ती उठून बाथरूमकडे गेली. तासाभरात तीन वेळा गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली, तेव्हा भिंतीला धरून उभी राहिली. कपाळावर घाम होता. पर्समधून साखरेची पुडी काढून तिनं तोंडात टाकली.

"काय झालं?"

"शुगर उतरते अधूनमधून. इन्सुलिन जास्त होतंय बहुतेक. सांग ना डॉक्टरांना, पुढच्या शुक्रवारची वेळ द्यायला."

हर्षितानं वेळ लिहून घेतली. पण त्या दिवशी बसमध्ये तिच्या डोळ्यांसमोरून ती भिंत धरून उभी असलेली बाई हलेना. तिनं सुखदाकडून कॅप्सूलच्या डबीचा फोटो घेऊन ठेवला होता, फॉर्मला जोडायला म्हणून. रविवारी आईची औषधं आणायला ती आनेकलच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये गेली, तेव्हा तिनं तो फोटो दुकानदाराला दाखवला. रघुनंदन अण्णा तीस वर्षं तिथं बसत होते. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "कुणाला आहे हे? घरात कुणाला?"

"ओळखीच्या एक अक्का आहेत. हे बंद केलं तर काय होतं?"

"बंद? हे बंद करायचं नसतं, पोरी. ज्यांचं स्वादुपिंड काम करत नाही, त्यांना हे देतात. जेवण पचवणारा रसच त्यांच्या पोटात तयार होत नाही. ही कॅप्सूल नाही घेतली तर खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. अंगाला काही लागत नाही. माणूस खाऊन उपाशी मरतो."

"इन्सुलिन घेत असेल तर?"

रघुनंदन अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तर आणखी वाईट. इन्सुलिन जेवणाच्या हिशोबानं टोचायचं आणि जेवण रक्तात जायचंच नाही. साखर कधी खाली येऊन आडवा करील, सांगता येत नाही. कुणी बंद करायला सांगितलं?"

ती हळूच म्हणाली, "चेहऱ्यात फिलर भरलंय त्यांच्या. या कॅप्सूलनं ते विरघळतं म्हणतात."

"कोण म्हणतं? सुईनं तिथंच टोचलं तर विरघळेल. ते एन्झाइम वेगळं. ही पोटात जाते, आतड्यात काम करते आणि तिथंच संपते. पोटातून गालापर्यंत हिला रस्ता नाही." त्यांनी आईच्या गोळ्यांची पिशवी पुढे सरकवली. "त्या बाईला आज सांग."

आज म्हणजे रविवार होता. हर्षितानं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगायचं? मी सांगितलं ते खोटं होतं? तिनं ठरवलं, आधी डॉक्टरांशी बोलू. मग तेच सांगतील.

सोमवारी डॉ. रणवीरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची मागे ढकलली.

"मी तिला कॅप्सूल बंद कर म्हणालो?"

"नाही सर. पण आपण..."

"आपण नाही. फॉर्म कुणाच्या अक्षरात आहे? आजाराच्या रकान्यात काय लिहिलंय?"

त्यांनी फॉर्म काढून तिच्यापुढे धरला.

"'नाही' लिहिलंय. तिची सही आहे. तिनं आजार लपवला. आता तू फोन करून काय सांगणार? की तूच तो लपवलास? विचार कर. तिचे डॉक्टर आहेत, नवरा आहे, लहान मूल नाही ती. शुक्रवारी येईल, तेव्हा बघू."

ती बाहेर आली. सोमवारभर तिनं दोनदा मेसेज लिहिला आणि पुसला. मंगळवारी एकदा लिहिला, 'अक्का, कॅप्सूलबद्दल बोलायचंय', आणि तोही पुसला. नोकरी गेली तर आईचं काय, हा विचार होताच. पण त्याहून मोठा एक होता, जो ती स्वतःशीही बोलली नाही. सुखदा तिच्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर तिला घालवायची नव्हती. शुक्रवार काही लांब नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

गुरुवारी दुपारी मात्र तिला राहवलं नाही. तिनं फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा एका पुरुषानं उचलला.

"मी निहार. सुखदा आयसीयूत आहे. आपण कोण?"

बुधवारी सुखदा घरूनच काम करत होती. सकाळी इन्सुलिन घेतलं, उपमा खाल्ला. अकराच्या मीटिंगला ती आली नाही. टीमला वाटलं, नेहमीप्रमाणे बरं नसेल. संध्याकाळी निहार घरी आला, तेव्हा ती टेबल आणि भिंतीच्या मधे पडलेली होती. किती तास, ते कुणाला माहीत नाही.

ती जगली. चौथ्या दिवशी डोळे उघडले, बाराव्या दिवशी घरी आली. पण इतका वेळ साखरेशिवाय राहिलेल्या मेंदूतलं काही परत आलं नाही. बोलताना शब्द हरवायचे. सकाळचं दुपारी आठवायचं नाही. बोटं थरथरायची. कंपनीनं तीन महिने वाट पाहिली आणि मग तिला फार आदरानं मोकळं केलं.

निहार क्लिनिकमध्ये आला तो सप्टेंबरमध्ये. डॉ. रणवीरांनी त्याच्यासमोर फॉर्म ठेवला. आजार: नाही. खाली सुखदाची सही. "आम्हाला तुमच्या पत्नीनं काही सांगितलंच नाही," ते शांतपणे म्हणाले. निहार सही बघत राहिला. मग बाहेर येऊन काउंटरपाशी थांबला.

"तुम्ही हर्षिता ना? ती म्हणते, तिनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. पण तिला हल्ली नीट आठवत नाही, म्हणून मला खात्री करून घ्यायची होती. सांगितलं होतं का तिनं?"

आत दार उघडं होतं. डॉक्टर ऐकत होते.

"होय," हर्षिता म्हणाली. "सगळं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. तिनं निहारला सगळं लिहून दिलं, खाली सही केली. त्यानं मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. क्लिनिकच्या वकिलानं उत्तर पाठवलं, की ही मुलगी कामातल्या चुकांसाठी काढलेली असून सूडानं बोलते आहे. सुनावणीची एक तारीख पडली, मग दुसरी. क्लिनिक चालू होतं. दिवाळीत त्यांनी नवी जाहिरात लावली.

निहार आणि सुखदा पुण्याला परत जायला निघाले, तेव्हा हर्षिता त्यांना भेटायला मारतहळ्ळीला गेली. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. निहार खाली ट्रकवाल्याशी बोलत होता. सुखदा खिडकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. कॅप्सूल परत सुरू होऊन तीन महिने होऊन गेले होते. जेवताना दोन, न चुकता. कानशिलं जराशी भरून आली होती. आणि गालांतलं जूनमधलं फिलर जिथल्या तिथं होतं. रतीभरही हललेलं नव्हतं.

"ये," सुखदा म्हणाली. "बस. कशावर बसशील, ते... ते..." तिनं हातानं खोक्याकडे दाखवलं. "शब्द गेला. बस त्यावर."

हर्षिता बसली.

"तू लिहून दिलंस, निहारनं सांगितलं," सुखदा म्हणाली. ती एकेक वाक्य शोधून उचलल्यासारखं बोलत होती. "नोकरी गेली ना तुझी?"

"होय."

"माझीपण चूक आहे. मी माझ्या डॉक्टरांना विचारलंच नाही. का, माहितीये? ते नाही म्हणाले असते. मला तुझं उत्तर हवं होतं, कारण ते... सोयीचं होतं. मी तुला एकटीला दोष देत नाही."

हर्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने ती हेच ऐकायला आसुसलेली होती. आणि ऐकल्यावर तिला वाटलं, हे आपण फसवून घेतोय. राहिलेलंही सांगून टाकायला हवं, मग मोकळं होऊ.

"अक्का, एक सांगायचं राहिलंय. मला रविवारीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"कॅप्सूल बंद करायच्या नसतात हे. आमच्या गावच्या मेडिकलवाल्यांनी सांगितलं. त्यांनी तेव्हाच म्हटलं, आज सांग. तुम्ही बुधवारी पडलात. मी गुरुवारी फोन केला."

सुखदानं ऐकलं. मग हाताची बोटं एकेक करून मोजायला लागली. थरथरत्या बोटांवर रविवार, सोमवार, मंगळवार. बुधवारपाशी तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तीन दिवस," ती म्हणाली.

"मला भीती वाटली अक्का. मी मेसेज लिहिला होता, पण..."

"हे तू मला का सांगितलंस?"

"खरं सांगावं म्हणून."

"मी काल काय जेवले ते मला आठवत नाही. पण हे राहील बघ. हे जाणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुला माफ करून बसले होते गं. मला बरं वाटत होतं त्यात. तेवढंही तू घेतलंस. तुला हलकं वाटावं म्हणून."

"अक्का..."

"अक्का म्हणू नकोस. आणि मराठीत बोलू नकोस माझ्याशी. मी त्यालाच भुलले."

हर्षिता उठली. काय बोलावं ते तिला कळेना, आणि कुठल्या भाषेत तेही कळेना. सुखदानं मान खिडकीकडे वळवली होती. बाजूनं फक्त तिचा गाल दिसत होता, गोल, टवटवीत.

दारात निहार भेटला. त्याच्या हातात दोऱ्याची गुंडाळी होती. "निघालात? चहा नाही घेतलात?" त्यानं विचारलं. त्याला अजून काही माहीत नव्हतं. "पुढच्या तारखेला याल ना? तुमच्या साक्षीवरच सगळं आहे."

"येईन," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये त्यांचं कपाट अडकवून ठेवलेलं होतं. हर्षिता सात मजले जिन्यानं उतरली.